मीठ दाबणाऱ्यानं सांगायचं

१९७८ साल. मी सव्वीस वर्षांचा होतो. वय नेमकं सांगतो, कारण कंपनीत लागताना फारमावर लिहावं लागलं होतं आणि आमच्या बापानं मेंढरांच्या मरीवरनं मोजून ते काढून दिलं होतं. आमची वस्ती करमाडच्या पुढं. मेंढरं सोडून कंपनीत जाणारा घरातला पहिला माणूस मी. शाळा तिसरीपर्यंत, त्यातली निम्मी रानात. तरी पहिल्या पगारापासून सही करतो, अंगठा कधी दिला नाय. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं लिहिण्यात काही वाकडं दिसलं तर समजून घ्या, नाय घेतलं तरी माझं काही अडत नाय.

खोली मुकुंदवाडीत घेतली होती. घरमालकीण एकटी बाई, साठीच्या पुढची, नवरा जाऊन जमाना झालेला, मूलबाळ नाय. तिची जमीन एमआयडीसीत गेली आणि आलेल्या पैशातून तिनं घराला लागून तीन खोल्या बांधल्या. सगळे तिला मावशी म्हणायचे, मीबी म्हणायचो. ती मला मेंढक्या म्हणायची. मला राग यायचा. तिला ते कळायचं, म्हणून ती आणखी म्हणायची.

तिच्या लेखी जमीन कुठं गेलेलीच नव्हती, वर नुसते पत्रे आले होते. कंपन्यांची नावं ती कधी घ्यायची नाय. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "तुझी कंपनी हरभऱ्यात हाय. शेजारची जवारीत. अन् ती निळ्या गेटाची हाय ना, ती बांधावर. बांधावर कुणी घर बांधतं व्हय? अक्कल नाय लोकांना."

मी म्हणालो, "मावशी, तिथं हजार माणूस कामाला हाय."

"असू दे. बांध तो बांध."

माझी शिफ्ट कोणती, हे तिनं कधी विचारलं नाय. "आज रानात कवा जायचंय?" असं विचारायची. दसरा झाला की मूठभर हरभरा ओच्यात घेऊन आमच्या कंपनीच्या भिंतीपाशी जायची आणि भिंतीवरनं आत फेकायची. वॉचमन ओरडायचा. ती म्हणायची, "ओरड. पेरताना माणसानं ओरडलेलं चांगलं, पाखरं बसत नायत." भंगाराच्या ढिगाकडेला त्यातली दोनचार रोपं खरंच आली होती. मी येऊन सांगितलं तर खूश व्हायचं सोडून तिनं विचारलं, "घाटे भरले का?" मी बघितलं नव्हतं. "मग काय बघितलंस?" म्हणाली आणि उठून गेली.

शेवेचं तसंच होतं. रानात राबणाऱ्याला मालकानं न्याहारी द्यायची, ही तिच्या घरची रीत. आता रानात माणसं तर राबतच होती, उलट वाढली होती. मग न्याहारी कशी बंद करायची? एवढ्या माणसांच्या भाकरी तिच्यानं झाल्या नसत्या, म्हणून शेव. दर सुट्टीच्या दिवशी ती घरी शेव पाडायची आणि दुसऱ्या दिवशी पत्र्याचा डबा माझ्या सायकलला अडकवायची. "वाटून टाक. माझ्या रानातले हायेत."

कंपनीतले हसायचे आणि खायचे. चहाच्या सुट्टीत डबा उघडला की दहा मिनिटांत तळ दिसायचा.

बेसन ती विकत आणायची नाय. दुकानच्या बेसनात लाखीची डाळ असती असं तिचं म्हणणं, आणि गिरणीत आदल्याचं पीठ आपल्यात येतं. आख्खा हरभरा आणायचा, भरडायचा, पाखडायचा, जात्यावर दळायचा. ओवा वाटून त्याचं पाणी गाळून घ्यायचं, चोथा पिठात गेला तर चकतीची भोकं बुजतात. लसूण, तिखट, हळद, हिंग. मग कडकडीत तेलाचं मोहन. पीठ मुठीत दाबलं की मूठ राहिली पाहिजे आणि बोट लावलं की मोडली पाहिजे. मूठ मोडली नाय तर तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. तेल तापलं की आधी पिठाचा बोटभर गणपती करून सोडायचा. तो वर आला की सोऱ्या कढईवर धरायचा.

आणि एक कायदा होता. कढई चुलीवर असताना जो कुणी उंबरा ओलांडून आत येईल, त्यानं एक घाणा पाडल्याशिवाय जायचं नाय. नायतर शेव तेल पिते. हे तिला कुणी सांगितलं, ठाऊक नाय. माझ्यासमोर लाईटीचं मीटर बघणाऱ्यानं घाणा पाडलाय. मत मागायला आलेल्या एका पांढऱ्या टोपीवाल्यानं पाडलाय, त्याची शेव कढईत पडायच्या ऐवजी चुलीत पडली, तर ही म्हणाली, "तुमच्या हातून आत काय जाईल असं वाटत नाय." टोपीवाला बिचारा निवडून आला नाय.

माझी मनगटं मेंढरं कातरून घट्ट झालेली. मी राहायला आल्यावर सोऱ्या कायमचा माझ्याकडं आला.

आता मिठाचं सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. ती स्वतः शेव खायची नाय. जमीन गेली त्या दिवसापासून तिनं हरभरा तोंडात घातला नव्हता. डाळ नाय, भाजी नाय, पुटाणाबी नाय. मग मीठ बघायचं कुणी? तिचं म्हणणं असं, की ज्यानं पीठ भिजवलं त्याला विचारून उपयोग नाय, त्याची जीभ त्याच्या हाताची बाजू घेते. "मीठ दाबणाऱ्यानं सांगायचं." म्हणजे सोऱ्या दाबणाऱ्यानं. पहिला घाणा उतरला की मी चार काड्या तोंडात टाकायच्या आणि निकाल द्यायचा. अळणी म्हणालो तर ती पिठात मीठ चोळायची. खारट म्हणालो तर बिनमिठाचा गोळा मिसळायची. वर्षभर मी खरं सांगितलं. माझी जीभ चांगली होती. कंपनीतल्या साहेबानं विचारलं नाय एवढं त्या म्हातारीनं मला विचारलं, आणि मला ते आवडायचं, हे कबूल करतो.

त्या साली उन्हाळ्याच्या तोंडाला मधल्या खोलीत एक जोडपं आलं. तो एका कंपनीत रंगकाम करायचा आणि कॉलेजातबी जायचा. ती विशीतली, धीट, गरोदर. दोघं बौद्ध. मावशीनं नाव-गाव काही न विचारता पोरीचे हात बघितले आणि म्हणाली, "पीठ भिजवता येतं?" तेव्हा मावशीची बोटं वळायला कुरकुर करायला लागली होती. पोरगी म्हणाली, "येतं की." तेव्हापासून पीठ ती भिजवायला लागली. सकाळी यायची, भिजवायची, ओलं फडकं टाकून आपल्या खोलीत जायची. मग मी यायचो.

आणि तेव्हापासून मी शेव खायचं सोडलं.

खोटं कशाला लिहू. आमच्या वस्तीवर जे होतं ते माझ्या अंगात होतं, आणि ते बाहेर काढायचं कारणच मला दिसत नव्हतं. पण मावशीला सांगायची हिंमत झाली नाय. सांगितलं असतं तर सोऱ्या गेला असता. मग मी काय करायचो, चार काड्या उचलायचो, हात तोंडाकडं न्यायचा, थोडं भिंतीकडं वळायचं आणि मूठ खिशात. "बरोबर हाय, मावशी." दुसऱ्या दिवशी डबा कंपनीत न्यायचा आणि सगळ्यांना वाटायचा. त्यांना पीठ कुणी भिजवलं ते ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाय. ते खायचे, मी त्यांना वाढायचो, असं चार महिने चाललं.

मावशीचा सख्खा पुतण्या आमच्याच कंपनीत होता. जमीन गेलेल्यांच्या घरातला म्हणून त्याला नोकरी लागली होती. तो डब्यावर सगळ्यात आधी यायचा, मूठभर खायचा आणि रुमालात बांधून घरी बापासाठी न्यायचा. एका आठवड्याला शेव खारट झाली. चारपाच जण म्हणाले. संध्याकाळी मावशीनं विचारलं, "आवडली का माझ्या माणसांना?" मी म्हणालो, "लई आवडली."

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. त्याचं वर्णन मी करणार नाय, ज्यांचं जळलं त्यांनी ते करावं. आमच्याकडं एवढंच झालं, की चहाच्या सुट्टीत माणसं तीन ठिकाणी बसायला लागली, आणि मधल्या खोलीतल्या पोरीच्या गावाकडनं निरोप आला की त्यांच्या वस्तीत घरं जळालीत, इकडं येऊ नका. बाळंतपणाला ती माहेरी जाणार होती. ते राहिलं. आता ही खोली सोडून त्या दोघांना जायला जागा नव्हती. हे मावशीला ठाऊक होतं, मलाबी होतं.

शहर जरा निवल्यावरच्या सुट्टीच्या दिवशी आमची कढई चुलीवर होती. दोन घाणे झाले होते. तेवढ्यात पुतण्या आला, बरोबर गावातले दोघं.

"काकू, जरा बोलायचंय."

"बोल की. आधी घाणा पाड."

"काकू, मस्करीची येळ नाय."

"मस्करी कोण करायलंय? कढई चढलीय. मेंढक्या, सोऱ्या दे त्याला."

मी दिला. तो लहानपणापासून तिच्या घरात वाढलेला, कायदा त्याला पाठ होता. तणतणत बसला आणि पाडायला लागला. बरा पाडत होता. हात चालू ठेवूनच तो बोलला, "मधली खोली रिकामी करायची. गावात बोलणं झालंय. आठ दिवसांत."

"का?"

"का काय विचारते? सगळीकडं काय चाललंय तुला दिसंना का?"

"मला कढई दिसायलीय. पलट ती, करपंल."

त्यानं पलटली. बरोबरच्यांतला एक जण, पैलवान होता तो, म्हणाला, "मावशी, ऐका. नायतर उद्या तुमच्या दारी कुणी उभं राहणार नाय. तुम्हाला मूल नाय बाळ नाय. वेळ आली तर पाणी पाजायला हाच हाय."

मावशीनं झारा कढईच्या काठावर ठेवला. "वेळ आली तर मला दिसणार हाय का, पाणी कुणी पाजलं ते?" मग पिठाच्या परातीकडं बघितलं. एका घाण्यापुरतंच उरलं होतं. मधल्या खोलीच्या दिशेला तोंड करून तिनं हाक मारली, "अगं पोरी! पीठ सरलं. आणखी एक गोळा भिजव ये."

लपवायचं म्हणून नाय आणि दाखवायचं म्हणूनबी नाय. पीठ सरलं होतं, एवढंच.

पोरगी आली. तिघं बघून दारातच थांबली. मग पदर खोचला, परातीपुढं बसली आणि पिठात हात घातला. पुतण्याच्या हातातला सोऱ्या तसाच राहिला.

"पीठ ही भिजवते?"

"मग कोण? माझी बोटं चालत नायत."

"कवापासून?"

"ही आली तवापासून."

त्याचा चेहरा मी बघत होतो. चार महिने. चार महिन्यांचे डबे त्याच्या डोळ्यापुढनं गेले असणार. "तरीच," तो म्हणाला. "तरीच त्या दिवशी एवढी खारट लागली. तवाच माझ्या ध्यानात यायला पायजे होतं."

पैलवान म्हणाला, "म्हणजे? तू खात होतास?" आणि हसायला लागला. दुसरा तोंडावर हात ठेवून बाहेर बघायला लागला.

पण मावशीनं तेवढंच पकडलं. "खारट? कवा?"

"तेच, आषाढात," पुतण्या म्हणाला.

"मेंढक्या, आषाढात तू बरोबर म्हणलास."

पोरीनं पिठातले हात थांबवले. वर न बघता म्हणाली, "मावशी, त्या दिवशी माझ्या हातून मीठ दोनदा पडलं होतं. मी तुम्हाला सांगायला आले होते. तुम्ही म्हणलात, तुझं राहू दे, दाबणारा सांगंल."

"व्हय. म्हणले होते." मावशी माझ्याकडं वळली. "मग तू सांगितलं का नाय?"

आता इथं दोन रस्ते होते. जीभ चुकली म्हणालो असतो तर मिटलं असतं. पण पुतण्या माझ्याकडं रागानं बघून म्हणाला, "हा काय सांगणार? ह्योबी खातच होता की दर खेपेला. वाटणारा तर हाच."

ते मला सोसलं नाय. मेंढरामागचा माणूस म्हणून हे लोक आधीच मला खालचा धरत. माझी मान ताठ झाली. मी म्हणालो, "मी नाय खाल्ली. ही भिजवायला लागल्यापासून एक काडी तोंडात घातली नाय मी."

मोठ्यानं म्हणालो. ऐटीत म्हणालो.

मग पैलवान पुतण्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "घ्या! धनगराच्या पोरानं पाळलं, अन् पाटलानं रुमालात बांधून बापाला नेलं!"

"भाऊजींना?" मावशी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच विचारत होती. "त्यांनी तर परवा निरोप धाडला, आणखी पाठव म्हणून. त्यांना बाधली का काय?"

पुतण्या उठला. सोऱ्या खाली ठेवला, हात झटकले. दारात जाऊन पैलवानाला म्हणाला, "ह्यातलं गावात काही बोलू नको." पैलवान हसतच होता. तिघं गेले. खोलीचा विषय पुतण्यानं पुन्हा कधी काढला नाय. काढला असता तर शेवेचाबी निघाला असता, आणि त्याच्या बापानं त्याला घरात घेतलं नसतं.

मी सोऱ्या उचलला. मावशीनं तो माझ्या हातातनं काढून घेतला.

"तू खाल्ली नाय, ते तुझं तोंड. त्याच्यावर माझी काय सत्ता?" ती म्हणाली. "पण तू बरोबर म्हणलास. दर खेपेला. ही खरं सांगत आली, हिचं मी ऐकलं नाय, तुझं ऐकलं. माझ्या रानातल्या माणसांना मी खारट घातलं, अन् मला ठाऊकबी नाय."

पोरगी म्हणाली, "जाऊ द्या, मावशी."

"तू गप. तुला काय कळतं?" मग तिलाच म्हणाली, "नाय, तुला कळतं. मलाच कळलं नाय." आणि माझ्याकडं न बघता, "उद्या सकाळी खोली रिकामी कर."

"करतो," मी म्हणालो.

दुसरं काही म्हणालो असतो तर तिनं ऐकलं असतं, असं मला पुढं पुष्कळ वेळा वाटलं. ती रागीट होती, आकसाची नव्हती. पण मी माफी मागितली नाय. मी कुणाची मागत नाय. ह्यात मोठेपणा आहे असं तेव्हा वाटायचं, आता फक्त सवय आहे.

पोरीचं बाळंतपण त्याच खोलीत झालं, मावशीनं केलं, असं मला कंपनीत कळलं. डबा बंद झाला नाय. माझ्या जागी तिचा नवरा सुट्टीच्या दिवशी कढईपुढं बसायला लागला. तो आमच्या गेटवर डबा आणून वॉचमनकडं द्यायचा. काही जण खायचे, काही जण उठून जायचे. मी उठून जाणाऱ्यांत बसत नव्हतो आणि खाणाऱ्यांतबी नाय, हातात कप घेऊन मशीनपाशी उभा असायचो. पुतण्याची मात्र गंमत झाली. पहिला महिना तो डब्याकडं पाठ करून बसायचा. दुसऱ्या महिन्यात एकदा कुणी बघत नाय असं बघून त्यानं झाकण उघडलं. मी बघत होतो. त्यानं खाल्लं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "मीठ बरोबर हाय."

मावशी पुढं बरीच वर्षं जगली. तिला शेवटी पाणी कुणी पाजलं ते मी विचारलं नाय. मला सांगायला कुणी आलंबी नाय.

तर त्या दुसऱ्या दिवशी सकाळी. माझं सामान म्हणजे एक लोखंडी ट्रंक, वळकटी आणि सायकल. स्टेशनच्या पलीकडं कंपनीतल्या एकाच्या खोलीत जागा बघितली होती. वळकटी सायकलला बांधून सकाळी लवकर पोचवली आणि सायकल तिथंच ठेवून चालत आलो. ट्रंक एकट्याला जड होती, तरी मी उचलत होतो. मावशीचं दार लोटलेलं. मधल्या खोलीतनं तो पोरीचा नवरा बाहेर आला, कामाचे कपडे घातलेला. त्यानं ट्रंकेची दुसरी कडी धरली.

मी म्हणालो, "राहू द्या, मी नेतो."

तो म्हणाला, "भाऊ, मला त्याच वाटेनं जायचंय."

आम्ही दोघं ट्रंक घेऊन वस्तीतनं निघालो. पुतण्याच्या घरावरनं गेलो. ओट्यावर त्याचा म्हातारा बाप बसला होता, तो बघत राहिला. मी मान खाली घातली नाय, पण वर करून चालावं असंबी काही माझ्याजवळ उरलं नव्हतं. स्टेशनच्या अलीकडच्या हाटेलापाशी हात बदलायला ट्रंक खाली ठेवली. मी बाकड्यावर बसलो आणि दोन चहा सांगितले. आयुष्यात पहिल्यांदा अशा माणसासाठी चहा सांगत होतो, ते त्याच्या ध्यानात यावं असंबी मला वाटलं असणार.

त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. "तुम्ही घ्या भाऊ. मी घरून घेऊन निघालोय. शिफ्टला उशीर होईल." रागानं नाय म्हणाला, साधं म्हणाला. आणि रूळ ओलांडून गेला.

पोऱ्यानं दोन कप आणून ठेवले. एक मी प्यालो. दुसरा निवत होता. थोडा वेळ बघितलं, मग तोबी मीच प्यालो, ट्रंक एकट्यानं खांद्यावर घेतली आणि नव्या खोलीत टाकून कामावर गेलो.